ताटातली कुई आणि कपाळावरची लाल झालर

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये छायाचित्रे काढायला मनाई आहे, म्हणून मी वही घेऊन गेले होते. ‘अखेरचे भोजन’ या भल्यामोठ्या चित्रासमोर गर्दी होती आणि गर्दीतला प्रत्येक वाटाड्या आपापल्या भाषेत एकच गोष्ट सांगत होता. येशूच्या पुढ्यातले ताट पाहा. त्यात चारही पाय वर करून उताणा ठेवलेला प्राणी कोकरू नव्हे, ती ‘कुई’ आहे. आपण ज्याला गिनीपिग म्हणतो तो प्राणी. अँडीज पर्वतातल्या लोकांचे हे सणासुदीचे मांस. आता यहूदाकडे पाहा. बाकीचे शिष्य येशूत गुंतलेले असताना हा एकटा मान वळवून आपल्याकडे पाहतो आहे, आणि त्याच्या हातात पैशांची पिशवी आहे. हा चेहरा पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा. म्हणजे हरलेल्या माणसाने जेत्याच्या देवळात, जेत्याच्या डोळ्यांदेखत घेतलेला हा सूड!

गोष्ट छान आहे. मी ती वहीत उतरवून घेतली, आणि परत आल्यावर दोन-तीन ठिकाणी रंगवून सांगितलीही. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकत. आपण स्वतः वसाहतीचे नागरिक राहिलेले असल्यामुळे असल्या गोष्टी आपल्याला लगेच पटतात.

पुढे वाचत गेले तसे अवघडायला झाले. हे चित्र मार्कोस सापाता या कुस्कोच्या चित्रकाराचे, १७५३च्या सुमाराचे. पिझारोचा खून झाला १५४१ साली, लिमात, त्याच्याच माणसांमधल्या भांडणातून. मधे दोनशेहून जास्त वर्षे गेली. पिझारो सोडाच, त्याला पाहिलेल्या माणसाचा नातूसुद्धा सापाताला भेटला नसणार. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची होती. लिमाच्या सान फ्रान्सिस्को मठात ‘अखेरचे भोजन’ या विषयावरचेच एक जुने चित्र आहे आणि तिथेही जेवणात कुई वाढलेली आहे. हे चित्र ज्याच्या नावावर सांगितले जाते तो दिएगो दे ला पुएंते सतराव्या शतकातला, जन्माने फ्लेमिश आणि पेशाने जेझुइट धर्मबंधू. त्याला कुणावर सूड घ्यायचा होता? पाहुण्यांच्या पानात स्थानिक पदार्थ वाढावा इतकेच त्याच्या मनात असावे. कुस्कोच्या ताटातला प्राणी कुई नसून विस्काचा, म्हणजे सशासारखा दिसणारा एक पहाडी प्राणी आहे, असे म्हणणारेही आहेत; पण तो वाद इथे सोडून देऊ.

म्हणजे मी ऐकलेली आणि ऐकवलेली गोष्ट चित्रापेक्षा माझ्या इच्छेतून जास्त आली होती. मग या चित्रकारांना खरोखर काय हवे होते? ते कुठे कागदावर उरले आहे का? या लेखातला शोध एवढाच आहे.

आधी एका शब्दाविषयी. स्पॅनिश दफ्तरांत या लोकांना सरसकट ‘इंडियो’ म्हटले आहे. कोलंबस आपल्याकडे यायला निघाला आणि भलतीकडे पोहोचला, त्या चुकीचा हा शिक्का. मी पुढे ‘स्थानिक’ असा शब्द वापरते. पण त्यात इंका राजघराण्याच्या वंशजांपासून खाणीतल्या वेठबिगारापर्यंत सगळे येतात, आणि या दोघांची सुखदुःखे एक नव्हती, हे लक्षात ठेवावे लागते.

कागदावर उरलेला सर्वांत जुना बोलका पुरावा एका मूर्तिकाराचा आहे. तितिकाका सरोवराच्या काठी कोपाकाबाना नावाचे गाव आहे. तिथला फ्रान्सिस्को तितो युपांकी हा इंका कुळातला माणूस. आपल्या गावच्या देवळासाठी मरियमेची मूर्ती आपण स्वतः घडवावी असे त्याने मनावर घेतले. पहिली मूर्ती त्याने मातीची केली. ती काही काळ देवळात राहिली आणि नवा धर्मगुरू आल्यावर बाहेर काढली गेली. मग तो पोतोसीला जाऊन एका स्पॅनिश कारागिराच्या हाताखाली शिकला. मरियमेचे एक चित्र रंगवून ते त्याने चुकिसाकाच्या बिशपपुढे ठेवले आणि चित्रकार म्हणून काम करण्याचा परवाना मागितला. तिथे त्याची टिंगल झाली. तुला चित्रेच काढायची असतील तर माकडाची काढ, कुमारी मातेच्या वाटेला जाऊ नकोस, अशा अर्थाचे त्याला ऐकवण्यात आले. हे सगळे त्याने स्वतःच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहून ठेवले, आणि रामोस गाविलान या धर्मगुरूने १६२१ साली छापलेल्या ग्रंथात ते जसेच्या तसे घेतल्यामुळे टिकले. तितो युपांकीने हात आखडला नाही. त्याची मूर्ती २ फेब्रुवारी १५८३ रोजी कोपाकाबानात बसवली गेली. आज ती बोलिव्हियातल्या सर्वांत मोठ्या तीर्थक्षेत्राची देवता आहे.

या हकिकतीत लपवाछपवी कुठेच नाही. पवित्र प्रतिमा घडवायला माझे हात पुरेसे आहेत, हा त्याचा दावा उघड आहे. चित्रकलेच्या पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हाच दावा पुन्हापुन्हा निरनिराळ्या वेषात येतो, असे मला वाटते.

स्पॅनिश लोक कुस्कोत शिरले १५३३ साली. त्यांच्या मागोमाग धर्मगुरू आले आणि धर्मगुरूंच्या मागोमाग प्रतिमा. इंकांकडे लिपी नव्हती; हिशेब आणि नोंदी ते ‘किपू’ नावाच्या दोरांच्या गाठींत ठेवत. तेव्हा नवा धर्म सांगायचा तर चित्र हवे, आणि बोलायचे तर स्थानिक भाषा हवी. १५८२-८३ साली लिमात भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने केचुआ आणि आयमारा या दोन भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार करवले. १५८४ मध्ये छापलेले ते पुस्तक म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पहिला छापील ग्रंथ. कुस्कोजवळच्या आंदावायलियासच्या देवळात बाप्तिस्म्याच्या दारावर एकच वाक्य पाच भाषांत रंगवले आहे : लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि आता नामशेष झालेली पुकिना. त्या दाराखाली मी बराच वेळ मान वर करून उभी होते. पुकिनातला मजकूर वाचू शकेल असा माणूस आता उरलेला नाही, आणि अक्षरे मात्र स्वच्छ आहेत.

शिकवणारे चित्रकार आले इटलीतून. बेर्नार्दो बित्ती हा जेझुइट धर्मबंधू १५७५ साली लिमात उतरला आणि १६१०मध्ये मरेपर्यंत लिमा, कुस्को, हुली, आरेकिपा अशा गावोगावच्या देवळांसाठी चित्रे रंगवत हिंडला. लांब मानेच्या, किंचित पिळवटलेल्या त्याच्या मरियमा पुढे पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या गेल्या. सिस्टाइन चॅपेलमध्ये काम केलेला मातेओ पेरेस दे आलेसिओही लिमात आला. पण दोन-चार माणसे एका खंडाला पुरणार थोडीच! खरे गुरू होते कागद : अँटवर्पमध्ये छापलेली ताम्रपटावरची मुद्राचित्रे. वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, पुस्तकांच्या पेटाऱ्यातून जहाजावर चढणारी. वीरिक्स बंधूंनी कोरलेली अशी चित्रे अँडीजच्या खेड्यांतल्या भिंतींवर दिसतात. आंदावायलियासमधलाच स्वर्ग-नरकाच्या दोन वाटांचा देखावा अशा एका वीरिक्स मुद्राचित्रावरून केलेला आहे.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे वळण लागेल. हेच अँटवर्पचे कागद गोव्याला उतरत होते. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइटांनी अकबराला अँटवर्पच्या प्लांतां छापखान्याचे बहुभाषी बायबल भेट दिले, आणि मुघल चित्रशाळेतले केसू दास, बसावन यांच्यासारखे कलावंत अशी युरोपीय मुद्राचित्रे समोर ठेवून आपल्या रंगांत ती उतरवू लागले. म्हणजे साधारण एकाच काळात, एकमेकांना न ओळखणारे, दोन टोकांचे चित्रकार एकाच छापखान्यांच्या कागदांवरून मरियम काढत होते. फरक होता तो बळाचा. अकबर हा यजमान होता. आवडले ते ठेवायचे, नाही ते पुस्तकात मिटून टाकायचे हे तो ठरवत होता. कुस्कोच्या चित्रकाराला ही मुभा नव्हती.

या उसनवारीचा पुरावा आता ढिगाने हाती आला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतले आल्मेरिंदो ओहेदा यांनी २००५ साली एक प्रकल्प सुरू केला. वसाहतकालीन चित्र एका बाजूला, त्याचे युरोपीय मुद्राचित्र दुसऱ्या बाजूला, अशा हजारो जोड्या तिथे लावलेल्या आहेत. त्या जोड्या पाहत बसले की पहिला तास निराशेत जातो. अरे, हेही उचललेलेच! दुसऱ्या तासापासून नजर बदलते. मुद्राचित्र काळे-पांढरे असते; रंग सगळे इथले आहेत. मुद्राचित्र हाताएवढे असते. कॅनव्हास पुरुषभर उंच आहे. आणि सोने! चित्र पुरे झाल्यावर मरियमेच्या झग्यावर सोन्याच्या वर्खाची वेलबुट्टी उठवायची, आणि तीही कापडाच्या चुण्यांकडे साफ दुर्लक्ष करून, सपाट. चुणीत वेल वाकत नाही. युरोपीय कार्यशाळेतल्या गुरूने अशा कामावर कान उपटले असते. पण भक्ताला समोर हवी असते ती नटवलेली मूर्ती. नटवलेल्या मूर्तीवरचा शालू जसा ताठ दिसतो तसाच हा दिसतो.

कान उपटणारा गुरू नव्हता, त्यालाही कारण आहे. ३१ मार्च १६५०च्या भूकंपाने कुस्को जवळजवळ जमीनदोस्त झाले. पुढची पन्नास वर्षे देवळे नव्याने उभारण्यात गेली आणि प्रत्येक नव्या भिंतीला चित्र हवे होते. १६७३ साली माद्रिदहून आलेला बिशप मानुएल दे मोयिनेदो हा चित्रांचा शौकीन, पैसा सोडणारा. त्याच्या कारकिर्दीत कामाचा पूर लोटला. बासिलिओ सांता क्रूझ पुमाकायाओ हा स्थानिक चित्रकार त्याचा आवडता. कॅथेड्रलमधली मोठी कामे त्याला मिळाली. चित्रकारांच्या संघात मात्र स्पॅनिश आणि स्थानिक एकत्र होते, आणि वरचष्मा स्पॅनिशांचा. कॉर्पस क्रिस्तीच्या उत्सवाची कमान उभारण्याचे काम सगळ्यांनी मिळून करायचे असे. १६८०च्या दशकात स्थानिकांनी तक्रार केली की स्पॅनिश कारागीर आम्हाला वाईट वागवतात, आम्हाला त्यांच्याबरोबर काम नको. त्यांना वेगळे होऊ दिले गेले. १६८८ साली स्पॅनिश चित्रकारांनी या फुटीविरुद्ध कोरेहिदोरकडे, म्हणजे शहराच्या राजप्रतिनिधीकडे, अर्ज केला, म्हणून हा तंटा आपल्याला कळतो.

हा अर्ज मला त्या काळातल्या कुठल्याही चित्राइतका महत्त्वाचा वाटतो. त्यात धर्म नाही, इंकांचे गेलेले राज्य नाही. कामाच्या ठिकाणचा अपमान आहे आणि तो सहन न करण्याचा निर्णय आहे. संघाबाहेर पडल्यावर संघाच्या परीक्षा, यथार्थदर्शनाचे नियम, स्पॅनिश गुरूची मान्यता, सगळेच सुटले. अभ्यासक होसे दे मेसा आणि तेरेसा गिस्बर्ट हे दाम्पत्य सांगते की आज आपण जिला ‘कुस्को शैली’ म्हणतो, त्या सपाट, सोनेरी, पक्षी-फुलांनी गजबजलेल्या शैलीला खरी मोकळीक मिळाली ती या फुटीनंतर. मागणी इतकी होती की अठराव्या शतकात कार्यशाळा काही महिन्यांत शेकडो चित्रे पुरवण्याचे करार करत, आणि ती खेचरांच्या तांड्यांवर लादून आजच्या बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिनापर्यंत जात. बहुतेकांवर सही नाही.

सही करणाऱ्यांत दिएगो किस्पे तितो होता. कुस्कोला लागून असलेल्या सान सेबास्तियान या वस्तीतला, १६११चा जन्म. फ्लेमिश मुद्राचित्रांतली झाडी आणि नद्या तो जशाच्या तशा घेई आणि मधेच रंगीबेरंगी पक्षी बसवी. १६८१ साली त्याने कॅथेड्रलसाठी राशीचक्राची चित्रमाला केली. हान्स बोलच्या रेखाटनांवरून आड्रियान कोलार्टने कोरलेली चित्रे समोर ठेवून प्रत्येक राशीला त्याने ख्रिस्ताच्या आयुष्यातला किंवा दृष्टांतातला एक प्रसंग जोडला. सूर्य-चंद्र-तारे पुजणाऱ्या लोकांनी आकाशाकडे पाहताना ख्रिस्त आठवावा, असा चर्चचा हेतू सांगितला जातो. त्याच्या स्वतःच्या वस्तीतल्या देवळात त्याची बरीच चित्रे होती. सप्टेंबर २०१६मध्ये त्या देवळाला आग लागली आणि त्यांतली अनेक गेली.

आता ज्या चित्रमालेसाठी मी एवढे लिहिते आहे तिच्याकडे येते. सांता आना हे कुस्कोच्या स्थानिकांसाठी असलेल्या वस्त्यांपैकी एक. तिथल्या देवळासाठी १६७४ ते १६८० या दरम्यान कॉर्पस क्रिस्तीच्या मिरवणुकीची चित्रे रंगवली गेली. सोळा उरली आहेत : बारा कुस्कोच्या आर्चबिशपच्या संग्रहालयात, चार चिलीत सान्तियागोला. चित्रकारांची नावे माहीत नाहीत. प्रत्येक वस्ती आपापल्या संताला घेऊन चौकातून चालली आहे. गच्च्यांवरून गालिचे सोडले आहेत, खाली बघ्यांची रांग आहे : धर्मगुरू, स्पॅनिश सरदार, शाल पांघरलेल्या बाया, एकमेकांना ढकलणारी पोरे. संत बसलेत उंच, नक्षीदार रथांत.

गंमत अशी की कुस्कोत असे रथ कधी नव्हतेच. तिथे संत खांद्यावरच्या पालखीतून जातात, तेव्हाही आणि आजही. हे रथ आले आहेत स्पेनमधल्या वालेन्सियात १६६२ साली झालेल्या एका उत्सवाच्या पुस्तकातून. हुआन बाउतिस्ता वाल्दा याचे ते पुस्तक १६६३मध्ये छापले गेले आणि दहा-पंधरा वर्षांत कुस्कोच्या चित्रकाराच्या मेजावर आले. हाही कागदच!

पण रथापुढे चालणारा माणूस मात्र कुठल्याही कागदावरून घेतलेला नाही. तो त्या वस्तीचा इंका सरदार आहे. अंगात इंकांचा वेष आणि त्याबरोबर स्पॅनिश लेसच्या बाह्या, छातीवर सूर्य, आणि कपाळावर लाल लोकरीची झालर. ही झालर म्हणजे ‘मास्कापाइचा’. इंकांच्या राज्यात ती फक्त सम्राटाच्या कपाळी असे. आपल्या भाषेत तिला राजमुकुट म्हणावे लागेल. वसाहतीच्या काळात कुस्कोतल्या इंका घराण्यांनी चोवीस मतदारांचे एक मंडळ टिकवून धरले होते. ते दरवर्षी आपल्यातून एक ध्वजधारी निवडत, आणि त्याला ती झालर बांधण्याचा मान मिळे. कॅरोलिन डीन या अभ्यासिकेने या चित्रमालेवर १९९९ साली पुस्तक लिहिले आहे. तिचे म्हणणे मला असे समजले : कॉर्पस क्रिस्ती हा ख्रिस्ताच्या विजयाचा उत्सव. विजय दाखवायचा तर जिंकलेला कुणीतरी डोळ्यांसमोर हवा. म्हणून स्पॅनिशांना मिरवणुकीत इंका हवाच होता. आणि इंका सरदारांनी नेमक्या त्या जागेवर पाय रोवले. तुम्हाला इंका हवा ना? मग तो असा दिसतो. हा आमच्या वंशाचा दाखला. आणि करमाफीपासून मानपानापर्यंत आमचे जे हक्क आहेत ते या वंशामुळे आहेत.

याच्या आधी त्याच चौकातून इंका सम्राटांची जपून ठेवलेली शवे मिरवली जात. पोलो दे ओंदेगार्दो या अधिकाऱ्याने १५५९ साली त्यांतली बरीच शोधून जप्त केली. मग संतांची मिरवणूक म्हणजे त्या शवांचीच मिरवणूक, नाव फक्त बदलले, असे म्हणण्याचा मोह होतो. मोह अगदीच निराधार नाही. स्पॅनिश धर्मगुरूंनाही हीच शंका छळत असे. पण चित्रातल्या सरदाराच्या चेहऱ्यावर चोरी नाही. तो ख्रिस्ती आहे, इंकाही आहे, आणि दोन्ही असण्याबद्दल त्याला सगळ्यांसमोर मान हवा आहे.

ज्यांत खरोखर दोन अर्थ एकत्र नांदतात अशीही चित्रे आहेत, ते नाकारायचे नाही. बोलिव्हियाच्या पठारावर कालामार्का गावच्या देवळात सतराव्या शतकाच्या अखेरीचे देवदूत आहेत. पिसांची टोपी, लेस, किनखापाचा कोट, आणि हातात तोड्याची बंदूक. कुणी दारू भरतो आहे, कुणी खांद्याला लावतो आहे. या पवित्र्यांचे मूळ बहुधा याकोब दे गेनच्या १६०७ सालच्या लष्करी कवायतीच्या पुस्तकात आहे. नावेही भलतीच : आसिएल, लेतिएल. मायकेल, गॅब्रिएल, राफाएल सोडून बाकी देवदूतांची नावे घ्यायला रोमच्या धर्मसभेने इसवी सन ७४५मध्येच बंदी केली होती. केचुआत गडगडाट आणि वीज यांच्या देवाला ‘इयापा’ म्हणत, आणि स्पॅनिश आल्यावर बंदुकीलाही तोच शब्द लागला. पठारावर शेती करणारा आयमारा माणूस गारपिटीच्या दिवशी या पंखवाल्या बंदूकधाऱ्यांकडे पाहून काय म्हणत असेल, याचा अंदाज बांधता येतो. मात्र ही चित्रे टांगून घेणारे धर्मगुरूच होते, तेही विसरून चालत नाही.

पोतोसीचे चित्र याहून गुंतागुंतीचे. तिथल्या टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातली, अनामिक चित्रकाराची एक मरियम आहे. तिचे अंग म्हणजेच तिथला चांदीचा डोंगर, सेर्रो रिको. वर चेहरा, दोन्ही उतारांतून बाहेर आलेले तळहात, बाजूंना सूर्य आणि चंद्र. उतारावर पायवाटा, मुंगीएवढी माणसे, लामा, आणि इंका सम्राट वायना कापाक. तळाशी पोप आणि सम्राट पाचवा कार्लोस गुडघे टेकून बसले आहेत. तेरेसा गिस्बर्ट यांनी ही मरियम म्हणजेच धरणीमाता पाचामामा, असे मांडले आणि ते सर्वत्र मान्य झाल्यासारखे झाले. मलाही ते पटते, अर्धे. उरलेले अर्धे त्या डोंगराच्या पोटात आहे. १५४५ साली चांदी सापडली. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने ‘मिता’ ही वेठ लावून दरवर्षी तेरा हजारांहून अधिक स्थानिकांना खाणीत पाठवण्याची व्यवस्था केली. ती अडीचशे वर्षे चालली. डोंगरावर मातेचा चेहरा रंगवणे हे एका परीने त्या डोंगराला सांभाळ म्हणून हात जोडणे आहे. दुसऱ्या परीने खाणमालकाच्या संपत्तीवर देवाचा शिक्का मारणेही आहे.

ही चांदी आपल्यापर्यंत आली होती. पोतोसी आणि मेक्सिकोच्या चांदीचे रियाल लिस्बनहून गोव्याला, आणि इंग्रज-डचांच्या जहाजांतून सुरतेला येत. सुरतेच्या टांकसाळीत ते वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा उघडलेल्या तिजोऱ्यांत अँडीजच्या डोंगरातली थोडी चांदी नक्कीच असेल, असे मानायला माझी हरकत नाही.

मग सत्तेला या चित्रांची भीती कधीच वाटली नाही का? वाटली, आणि कशाची वाटली तेच पाहण्यासारखे आहे. १७८० साली होसे गाब्रिएल कोंदोरकांकी याने तुपाक अमारू हे नाव घेऊन बंड केले. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या त्याच चौकात त्याला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला हाल करून मारण्यात आले. शिक्षेचे फर्मान काढणाऱ्या होसे अंतोनिओ दे आरेचे याने त्यातच आणखी हुकूम दिले. इंका वेष बंद. नावापुढे ‘इंका’ लावणे बंद. शंख फुंकणे बंद. इंकांच्या इतिहासावरची नाटके बंद. आणि इंका राजांची चित्रे घरांतून, देवळांतून, जिथे असतील तिथून काढून टाका, भिंतीवरची पुसा. यात कुठे गिनीपिग नाही, पाचामामा नाही, बंदूकवाले देवदूत नाहीत. शंभर वर्षांनंतरही ज्याची धास्ती वाटली ते होते उघड्यावर रंगवलेले कपाळ आणि त्यावरची लाल झालर.

यातला कडवटपणा असा की कुस्कोतले बहुतेक इंका सरदार या बंडात राजाच्या बाजूने होते. तुपाक अमारूचा दावा त्यांना मान्य नव्हता. त्यांनी त्याच्याविरुद्ध हत्यार धरले, आणि तरी झालर त्यांचीही गेली. चिंचेरो गावचा सरदार मातेओ पुमाकावा त्यांतलाच एक. ‘पुमा’ म्हणजे पहाडी सिंह, ‘अमारू’ म्हणजे सर्प. बंड मोडल्यावर चिंचेरोच्या देवळाच्या भिंतीवर सर्पाला लोळवणारा पुमा रंगवला गेला. याच देवळात फ्रान्सिस्को चिवांतितोने १६९३ साली रंगवलेली मॉन्तसेर्रातची मरियम आहे. पुढे १८१४ साली खुद्द पुमाकावाच राजाविरुद्धच्या उठावात सामील झाला आणि १८१५मध्ये त्यालाही मृत्युदंड दिला गेला. पुमाचा रंग आता बराच उडाला आहे.

कुस्कोत आर्चबिशपचा वाडा इंकांच्या एका महालाच्या भिंतीवर उभा आहे. त्या भिंतीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे, आणि त्याच्यापुढे दिवसभर फोटोसाठी रांग असते. मी त्या रांगेला वळसा घालून आत गेले. कॉर्पस क्रिस्तीच्या खोलीत तेव्हा एक रखवालदार होता आणि मी. एका चित्राच्या तळाशी एक पोरगा मिरवणुकीकडे पाठ करून चित्राबाहेर पाहत होता. त्याच्या वरच्या अंगाला सरदार चालला होता. त्याचे लक्ष पोराकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. मी वही काढली आणि झालरीचा लाल रंग नेमका कसा आहे ते लिहायचा प्रयत्न केला. वाळलेल्या मिरचीसारखा, असे लिहिलेले आज वहीत सापडते.